मीठ, सोडा आणि बाबांचं जॅकेट

लंडनच्या ईलिंगमधल्या आमच्या घराच्या दाराबाहेर, जिना संपतो तिथे, भिंतीला एक खुंटी होती आणि त्या खुंटीवर बाबांचं काळं जॅकेट टांगलेलं असायचं. घरात कोट टांगायला जागा नव्हती असं नाही. दाराच्या आत चांगल्या चार खुंट्या होत्या, पण ते जॅकेट आत यायचं नाही. बाबा कामावरून आले की जिन्यातच बूट काढायचे, जॅकेट त्या खुंटीला अडकवायचे आणि मग दार वाजवायचे, जणू स्वतःच्याच घरी पाहुणे आलेत. हिवाळ्यात सकाळी ते इतकं गार पडलेलं असायचं की अंगात घालताना बाबा दातांतून सुस्कारा सोडायचे. "अहो, आत टांगा की," आई म्हणायची. "असू दे. थंडीने जंतू मरतात," हे बाबांचं ठरलेलं उत्तर. कुठले जंतू ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

खरं कारण आम्हा तिघांनाही माहीत होतं. बाबा चिपळूणहून लंडनला आले ते एका भारतीय हॉटेलात आचारी म्हणून. ते हॉटेल बंद पडल्यावर त्यांनी आमच्या घरापासून दहा मिनिटांवरच्या एका चिप शॉपमध्ये काम धरलं. दिवसभर मासे आणि बटाटे तळायचे, कागदात गुंडाळायचे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायचा, "सॉल्ट अँड व्हिनेगर?" हे तीन शब्द बाबा इतके अस्सल इंग्रजी हेलात म्हणायचे की फोनवर ऐकलं तर ते मूळचे ईलिंगचेच वाटावेत. बाकीचं इंग्रजी मात्र चिपळूणचंच होतं. आई घरी डबे करायची. पुण्या-मुंबईहून इथे नोकरीला आलेली मुलं संध्याकाळी आमच्या दाराशी येऊन डबा घेऊन जायची. त्यांच्यातला कौस्तुभदादा हा आमचा लाडका. तो पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, मनाने फार चांगला. एकदा तो डबा घ्यायला आला आणि दारात उभा राहून हवा हुंगत हसत म्हणाला, "काकू, आज डब्यात फिश अँड चिप्स आहे की काय? काय सॉलिड वास येतोय!" बाबा आत सोफ्यावर बसले होते. जॅकेट तेव्हा आतल्या खुंटीवर होतं. कौस्तुभदादाच्या मनात काहीही नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण दुसऱ्या दिवशी बाबांनी ड्रिल मशीन मागून आणलं आणि दाराबाहेर ती खुंटी ठोकली.

आमच्या घराला स्वतःचे असे आवाज होते. सकाळी केटलचा गुरगुराट, मग कुकरच्या शिट्ट्या, मग आईचं रवी घुसळणं. लंडनच्या पाण्याने केटलच्या तळाशी पांढरा थर बसायचा. "केटलला पुन्हा क्षार धरलाय बघ," असं आई दर पंधरा दिवसांनी म्हणायची आणि बाबांनी दुकानातून आणलेल्या बाटलीतलं तपकिरी पाणी त्यात ओतून ठेवायची. त्याचा बारीक सूंऽऽ असा आवाज यायचा आणि तासाभराने केटल आतून नवी कोरी दिसायची. त्या तपकिरी पाण्याला मी एकदा व्हिनेगर म्हटलं तर बाबांनी मला थांबवलं. "व्हिनेगर नाही ते. खरं व्हिनेगर आंबवून करतात. हे नुसतं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, पाणी आणि रंग. बाटलीवर बघ काय लिहिलंय. नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट! व्हिनेगर असं लिहायची परवानगीच नाही त्यांना." दहावी नापास झालेल्या माझ्या बाबांना आपण काय विकतो ते नेमकं माहीत असायला हवं, असं वाटायचं. गिऱ्हाइकांना ते व्हिनेगरच म्हणायचे, कारण तसं म्हणावंच लागायचं. पण घरी चुकीचं बोललेलं त्यांना खपायचं नाही.

आणि रविवारी ढोकळा. डब्यांना सुट्टी असली तरी ढोकळ्याची ऑर्डर असायचीच. पीठ तयार, पाणी उकळतंय, ताटलीला तेल लावलंय, अशी सगळी मांडामांड झाली की आई मोठ्याने विचारायची, "आता कोणी फोन करणार नाहीये ना? कोणाला बाथरूमला जायचं नाहीये ना?" कारण पिठात लिंबू पिळून वर सोडा घातला की ते जे फसफसायचं, त्यानंतर आईला एक क्षणही वाया घालवायचा नसायचा. सोडा टाकल्यावर दाराची बेल वाजली म्हणून तिने एकदा खरोखरच दार उघडलं नव्हतं. बाहेर ऑर्डर घ्यायला आलेला मुलगा उभा होता आणि आत मी ताटली धरून. हे सगळं मी रोज बघत होते, ऐकत होते. यातलं काही मला पुढे उपयोगी पडेल असं कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. केमिस्ट्री ही पुस्तकात असते असंच मला वाटायचं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. ब्रिस्टलला केमिस्ट्रीसाठी जागा मिळाली तेव्हा फॉर्म भरायला कौस्तुभदादाने मदत केली होती, आणि आईने त्या आठवड्यात प्रत्येक डब्यात एकेक पेढा ठेवला. डबेवाल्या मुलांना वाटलं कोणाचं तरी लग्न ठरलं. बाबांनी दुकानात सांगितलं, आणि दुकानातल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही. तिथली एक म्हातारी बाई मला रस्त्यात थांबवून म्हणाली, "यू आर द सायंटिस्ट, आरंट यू, लव्ह?" मी तेव्हा अजून ब्रिस्टलचं स्टेशनसुद्धा पाहिलं नव्हतं.

ब्रिस्टलला पहिले काही महिने मी गप्प असायचे. इंग्रजी येत होतं, पण लंडनला यायच्या आधी मी नववीपर्यंत चिपळूणच्या मराठी शाळेत शिकले होते, त्यामुळे विज्ञानाचा कुठलाही शब्द आधी मनात मराठीत उमटायचा आणि मग बाहेर पडायचा. अ‍ॅसिड म्हणजे आम्ल. बेस म्हणजे आम्लारी, म्हणजे आम्लाचा शत्रू. सॉल्ट म्हणजे क्षार. इथेच माझा घोटाळा झाला, आणि तो घोटाळा माझ्यासारखं वाढलेल्या मुलीचाच होऊ शकतो. शाळेच्या पुस्तकात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून जे तयार होतं ते. पण शाळा दिवसातून पाच तास, घर बाकीचा सगळा वेळ. घरात क्षार म्हणजे काय? पापडात घालायचा पापडखार. पित्त झालं की चमचाभर पाण्यातून द्यायचा सोडा. चिपळूणचे आमचे वैद्यकाका सांगायचे, "पोटात आम्ल वाढलंय, क्षार घेतला की ते मरेल." माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की क्षार हा आम्लावर तुटून पडतो. म्हणजे सॉल्ट अ‍ॅसिडवर तुटून पडतं. कुठलंही सॉल्ट, कुठलंही अ‍ॅसिड.

प्रॅक्टिकलची पहिली परीक्षा आली. पाच परीक्षानळ्यांत पाच क्षार, प्रत्येकात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकायचे आणि जे दिसेल ते लिहायचं. चार नळ्या नीट झाल्या. पाचव्या नळीत मी थेंब टाकले आणि काहीच झालं नाही. अजून टाकले. काही नाही. नळी हलवली. वेळ संपत आली होती आणि शेजारचा मुलगा सामान आवरत होता. मला वाटलं माझंच चुकलंय, आम्ल कमी पडलंय, नळी नीट धुतलेली नव्हती. आणि मी वहीत लिहिलं, "थोडा फेस आला, लगेच विरला."

प्रयोगशाळेत आमच्यावर देखरेख करायला फिओना नावाची संशोधन करणारी एक मुलगी असायची. उंच, शांत, केस कायम पेन्सिलने बांधलेले. तिने माझी वही वाचली, नळी उचलली आणि म्हणाली, "हा फेस मला पण दाखवशील?" तिने स्वतः स्वच्छ नळी घेतली, ते द्रावण घेतलं, आम्ल टाकलं. आम्ही दोघी त्या नळीकडे बघत राहिलो. आत साधं मीठ होतं, आणि ते ढिम्म.

"तुला फेस दिसला होता?"

"नाही."

"मग लिहिलास का?"

"यायला हवा होता," मी म्हणाले. याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

फिओना रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती हळू म्हणाली, "चुकीचं उत्तर मी समजू शकते. पण न पाहिलेलं लिहिलंस तर मी तुझ्या बाकीच्या चार नळ्यांवर तरी विश्वास कसा ठेवू?" त्या प्रॅक्टिकलला मला शून्य मिळालं. दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा, या वेळी आमच्या विभागातल्या डॉ. प्रिचर्ड यांच्यासमोर, तोंडी प्रश्नांसह. त्यात पास झाले नाही तर केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला जाता येणार नव्हतं. मी खोलीवर गेले आणि बॅग भरायला घेतली. दोन आठवड्यांनी नापास झाल्याचं घरी कळणारच होतं, मग आजच जाऊन सांगितलेलं काय वाईट, असा माझा हिशेब.

त्या शनिवारी कोचने, म्हणजे लांब पल्ल्याच्या बसने, लंडनला आले. दाराबाहेर खुंटीवर जॅकेट होतं, म्हणजे बाबा दुपारच्या सुट्टीत घरी आले होते. आत आई जमिनीवर पेपर पसरून लिंबं चिरत बसली होती. लोणच्याचा मोठा घाट होता, डब्यांसाठी. बाबा शेजारी बसून बिया काढत होते. मला बघून आईने सुरी खाली ठेवली.

"अगं सुजाता, न सांगता? जेवलीस?"

"आई, मी केमिस्ट्री सोडतेय."

बाबांच्या हातातली बी पेपरवर पडली. मी सगळं सांगितलं. पाचवी नळी, न आलेला फेस, शून्य. मराठीत सांगताना ते जास्तच वाईट वाटत होतं, कारण इंग्रजीत 'चुकीचं ऑब्झर्व्हेशन' म्हणता आलं असतं, मराठीत मात्र माझ्या तोंडून आपोआप 'खोटं लिहिलं' असं निघालं. बाबा पुन्हा बिया काढायला लागले. आईने मात्र सगळं ऐकून घेतल्यावर पहिला प्रश्न विचारला तो असा, "त्या नळीत होतं काय?"

"मीठ."

"आणि वरून काय टाकलंस?"

"आम्ल. म्हणजे लिंबाच्या रसासारखं, पण जोरदार."

आईने समोरच्या परातीकडे हात केला. परातीत चिरलेल्या लिंबांच्या फोडी होत्या आणि त्यांवर मिठाचा ढीग. "अगं बाई, मीठ आणि लिंबू एकत्र आलं की फेस येतो असं कोणी सांगितलं तुला? तसं असतं तर तुझ्या आजीच्या सगळ्या बरण्या फुटल्या असत्या. मीठ आणि लिंबू वर्षं न् वर्षं एका बरणीत गुण्यागोविंदाने राहतात. सोडा आणि लिंबू एक मिनिट राहत नाहीत. ताटली कोण धरतं दर रविवारी? तूच ना?"

मी त्या परातीकडे बघत राहिले. आयुष्यभर माझ्यासमोर दोन्ही प्रयोग चालू होते, एक बरणीत आणि एक ताटलीत, आणि मी कधी विचारलंच नव्हतं की या दोन क्षारांत फरक काय. मी बॅगेतून पुस्तक काढलं. बॅग सोडून जायची म्हणून भरली होती, पण पुस्तक त्यात होतं, हे मला आज गमतीचं वाटतं. तिथेच पेपरच्या कडेला बसून मी वाचलं आणि आईला सांगायला लागले, कारण तिला सांगितल्याशिवाय मला समजलं असं वाटेना. प्रत्येक क्षार कुठल्या ना कुठल्या आम्लापासून झालेला असतो. मीठ झालंय एका फार जोरदार आम्लापासून. सोडा झालाय एका अगदी दुबळ्या आम्लापासून.

"म्हणजे क्षाराचं माहेर बघायचं म्हण की," आई म्हणाली.

"हो, तसंच. मीठ जोरदार माहेरचं. वरून कितीही आम्ल ओतलं तरी ते परत माहेरी जात नाही. सोड्याचं माहेर दुबळं. जोरदार आम्ल दारात आलं की सोडा लगेच परत आपल्या माहेरच्या रूपात जातो, आणि ते माहेर इतकं कच्चं की टिकतच नाही, त्याचा वायू होतो. तोच फेस."

आईने लिंबाची फोड परातीत टाकली. "उलटंच आहे हे सगळं. पण कळलं." मग माझ्या बॅगेकडे हनुवटीने खूण करून म्हणाली, "आणि तू गं? एक फिओना दारात आली तर धावत माहेरी?"

 बाबा हसले. खोकल्यासारखं, अचानक. मग बिया काढता काढता म्हणाले, "फेस नाही आला तर नाही आला लिहायचं. आमच्याकडे तेल तापलं नसेल तर मी गिऱ्हाइकाला सांगतो, दोन मिनिटं थांबा. तापलंय असं सांगून कच्चा मासा दिला तर काय होईल?" इतकंच. पुन्हा त्या विषयावर ते बोलले नाहीत. साडेचारला उठले, बाहेर जाऊन गार जॅकेट घातलं आणि कामावर गेले. मी रविवारी ढोकळ्याची ताटली धरली आणि संध्याकाळच्या कोचने ब्रिस्टलला परत गेले. बॅगेत लोणच्याची एक छोटी बरणी होती. ती मुरायला अजून महिना हवा होता, पण आईने दिलीच.

परीक्षेच्या दिवशी तीन नळ्या होत्या. ए, बी आणि सी. डॉ. प्रिचर्ड खिडकीशी उंच स्टुलावर बसून कसलेतरी कागद वाचत होते. ते वेल्सचे, भुवया खूप दाट, आणि आवाज एवढा खोल की 'गुड मॉर्निंग' म्हणाले तरी बाकावरची काच थरथरेल असं वाटायचं. ए नळीत आम्ल टाकताच भसकन फेस आला. वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधाळ झाली. ढोकळा, मी मनात म्हटलं. बी नळीत काहीच नाही. मी थांबले, गरम केलं, वास घेतला. काही नाही. लिहिलं, "काही दिसलं नाही. वास नाही." ते लिहिण्यात एक सुख होतं. मला वाटतं माझ्या आयुष्यातलं सर्वांत कष्टाने लिहिलेलं वाक्य ते असेल.

मग सी. आम्ल टाकलं, काही नाही. द्रावण तसंच नितळ, पाण्यासारखं. हलवलं, काही नाही. मी पेन उचललं आणि "काही दिसलं नाही" एवढं लिहिलं. मग नियमाप्रमाणे नळी जरा गरम केली आणि तोंडाशी हात हलवून वारा नाकाकडे घेतला.

आमचा जिना. दाराबाहेरची खुंटी. मी डोळे उघडले तर समोर प्रयोगशाळाच होती, पण नाकात आमचा जिना होता. मी पुन्हा वास घेतला. तोच. आणि आता माझी पंचाईत झाली. निरीक्षणाच्या रकान्यात फक्त जे जाणवलं ते लिहायचं होतं. 'व्हिनेगरचा वास' असं लिहावं, तर बाबांनी शंभर वेळा बजावलं होतं की ते व्हिनेगर नाही. खऱ्या व्हिनेगरचा वास मी कधी घेतलेलाच नव्हता, आमच्या घरी ते नसायचंच. मग न घेतलेला वास कसा लिहायचा? 'अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड' लिहावं, तर तो निष्कर्ष झाला, त्याचा रकाना वेगळा. एकदा न दिसलेला फेस लिहून मी पोळले होते. या वेळी एक शब्दही खोटा जाऊ द्यायचा नव्हता. खूप विचार करून मी त्या रकान्यात इंग्रजीत लिहिलं, "गरम केल्यावर माझ्या वडिलांच्या जॅकेटसारखा वास येतो."

आज मी ज्या शाळेत केमिस्ट्री शिकवते तिथे कुठल्या मुलाने असं लिहिलं तर मी काय करेन, असं मला वर्गात कोणीतरी विचारलं होतं. मी म्हटलं, आधी त्याला विचारेन, वडील काय करतात?

डॉ. प्रिचर्डनी माझी वही घेतली. ए वाचलं, मान हलवली. बी वाचलं, मान हलवली. सी वाचताना त्यांच्या दोन्ही भुवया एकदम वर गेल्या आणि तिथेच राहिल्या.

"युवर फादर्स जॅकेट," ते म्हणाले.

"येस, सर."

"वडील काय करतात?"

 इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला की मी 'केटरिंगमध्ये आहेत' असं सांगायचे. त्या क्षणी मला दिसलं की तेही न आलेल्या फेसासारखंच होतं.

"चिप शॉपमध्ये मासे तळतात."

"अच्छा. म्हणजे व्हिनेगर."

"नाही, सर," मी म्हणाले. "व्हिनेगर नाही. नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट. ते आंबवलेलं नसतं. नुसतं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, पाणी आणि रंग. बाबा म्हणतात बाटलीवर व्हिनेगर लिहायची परवानगी नाही."

 डॉ. प्रिचर्ड हसले. काच खरंच थरथरली. "मी पन्नास वर्षं ते चिप्सवर ओतत आलोय," ते म्हणाले, "आणि मला ते व्हिनेगरच वाटायचं." मग सरळ बसून त्यांनी विचारलं, सी मध्ये कोणता क्षार? सोडियम अ‍ॅसिटेट, मी म्हटलं. अ‍ॅसेटिक आम्ल दुबळं, जोरदार आम्लाने त्याला त्याच्या क्षारातून सुटं केलं, म्हणून वास आला, पण ते पाण्यात विरघळतं म्हणून दिसलं काही नाही. आणि बी मध्ये काहीच का नाही? मी बरणीचं सांगितलं. मीठ आणि लिंबू. इंग्रजीत माहेर कसं सांगायचं ते मला सुचेना, मग मी म्हटलं, हा क्षार आपल्या आईवडिलांकडे परत जात नाही. त्यावर त्यांनी 'हं' केलं आणि स्वतःशीच पुटपुटले, "लाइम पिकल. माझ्या फ्रिजमध्ये एक बरणी आहे, माझ्या बायकोच्या मते ती आमच्या लग्नाइतकी जुनी आहे. कधी फुटली नाही, हे खरंय."

मी पास झाले. वही परत मिळाली तेव्हा सी च्या रकान्यात, जॅकेटखाली, त्यांनी लाल पेनाने एक रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "उत्तम निरीक्षण." दाराशी फिओना उभी होती. केसांतली पेन्सिल काढून तिने ते दोन शब्द वाचले आणि म्हणाली, "या वेळी माझा विश्वास बसतो."

घरी फोन केला तेव्हा बाबा कामावर होते, म्हणून आईला सांगितलं. पास झाले ते सांगितलं, जॅकेटचं मात्र सांगितलं नाही. ते फोनवर सांगायचं नव्हतं. पुढच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा वही बरोबर नेली. बाबा दुपारचे आले, जिन्यात बूट काढले, जॅकेट खुंटीला लावलं, दार वाजवलं. मी त्यांना सोफ्यावर बसवलं आणि वही हातात दिली. बाबा इंग्रजी सावकाश वाचायचे, एकेका शब्दावर बोट ठेवत. 'फादर्स'वर बोट आलं. मग 'जॅकेट'वर. तिथे ते थांबलं.

"हे... सायबांनी वाचलं?"

"हो."

"सगळ्यांसमोर?"

"नाही, फक्त माझ्यासमोर. आणि बाबा, व्हिनेगर म्हणाले ते. मी सांगितलं त्यांना, नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट."

बाबांनी वर पाहिलं. "सांगितलंस? मग काय म्हणाले?"

"म्हणाले, त्यांना माहीतच नव्हतं."

बाबांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला शब्दांत पकडता येत नाही. ते उठले, दार उघडून बाहेर गेले आणि जॅकेट घेऊन आत आले. त्याची बाही नाकाशी धरून दोन-तीनदा जोरात हुंगली. "मला तर काही येत नाही बुवा वास."

"तुम्हाला कसा येईल?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "इतकी वर्षं आत राहताय त्याच्या."

बाबांनी जॅकेट आतल्या खुंटीवर टांगलं. पहिल्या खुंटीवर, दारातून येणाऱ्याला समोरच दिसेल असं. संध्याकाळी कौस्तुभदादा डबा घ्यायला आला, तेव्हा बाबा मुद्दाम दारापर्यंत गेले आणि त्याने काही विचारायच्या आतच त्याला सांगू लागले, "वास येतोय ना? अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड आहे ते. हिच्या परीक्षेला आलं होतं." कौस्तुभदादा हातात डबा धरून जिन्यात उभा राहून ऐकत होता, आणि ते ऐकणं बरंच लांबलं, कारण बाबांनी त्याला मीठ, लिंबू आणि सोडा सगळं समजावलं. थोडं चुकीचंच, पण समजावलं.

चार दिवसांनी रविवार आला. आईने ढोकळ्याचं पीठ कालवलं, लिंबू पिळलं, सोडा हातात घेतला आणि थांबली. नाक वर करून तिने हवा हुंगली, मग सरळ बाहेरच्या खोलीत गेली, जॅकेट उचललं आणि दाराबाहेरच्या जुन्या खुंटीवर नेऊन अडकवलं.

"कौतुक झालं," ती हात धूत म्हणाली. "आता माझ्या ढोकळ्याला त्याचा वास लागायला नको. सुजाता, ताटली धर. आणि अहो, बेल वाजली तर दार उघडू नका."